जुन्या संगणकासाठी घरगुती वायफाय मॉडेम

१९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकाला आजच्या वायफायवर आणणारे छोटे सर्किट म्हणजे वायफाय मॉडेम. नाव मॉडेमचे असले तरी हे मॉडेमचे सोंग आहे. खरा मॉडेम संगणकाकडून आलेल्या माहितीचा आवाज करून तो टेलिफोनच्या तारेवर सोडायचा आणि पलीकडून आलेल्या आवाजाची पुन्हा माहिती करायचा. इथे टेलिफोनच नाही. संगणकाला वाटते आपण नंबर फिरवतोय. प्रत्यक्षात सर्किट इंटरनेटवरचा एखादा सर्व्हर गाठते.

हे जमते, कारण मॉडेमला हुकूम देण्याची भाषा ठरलेली आहे. १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेममधून आलेले ‘एटी’ हुकूम पुढे बहुतेक मॉडेमनी उचलले. ‘एटीडीटी’ म्हणजे नंबर फिरव. आता नंबराच्या जागी सर्व्हरचा पत्ता लिहायचा, एवढाच फरक. सर्किटचा मेंदू म्हणजे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप. तिची स्वस्त मॉड्यूल २०१४ पासून मिळू लागली. त्यात झायमोडेमसारखे मोफत फर्मवेअर भरले की सोंग पूर्ण होते.

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ ला. शाळांच्या ‘क्लास’ प्रकल्पात १९८४ मध्ये आलेले बीबीसी मायक्रो किंवा १९८६ चा डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस ही यंत्रे त्याच्या कितीतरी आधीची. बीबीसी मायक्रोला सिरियल पोर्ट आहे, पण व्होल्टेज जुळवायला मधे मॅक्स३२३२ सारखी चिप लागते. स्पेक्ट्रमला असा पोर्टच नाही. वेगळा इंटरफेस जोडावा लागतो. सुट्या भागांच्या दृष्टीने सर्वांत सोपा कमोडोर ६४, आणि घात होण्याची शक्यताही तिथेच जास्त.

त्याच्या मागच्या युझर पोर्टवर ५ व्होल्टचे संकेत असतात, तर ईएसपी ३.३ व्होल्टची. म्हणून संगणकाकडून येणाऱ्या ‘एम’ पिनच्या तारेवर १ आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवायचे. उलट दिशेने काही लागत नाही, ३.३ व्होल्ट हा संकेत कमोडोरला नीट समजतो. मात्र ती तार ‘बी’ आणि ‘सी’ या दोन्ही पिनांना जोडावी लागते. ‘बी’ नसेल तर अक्षर येऊ लागल्याचे संगणकाला कळतच नाही.

खरी भीती १० आणि ११ क्रमांकाच्या पिनांची. तिथे ९ व्होल्टचा एसी पुरवठा असतो. घरी केलेल्या कनेक्टरमध्ये अडवणारी खाच नसेल आणि तो उलटा बसला, तर हा एसी नेमका ‘बी’ आणि ‘सी’च्या तारेवर येतो. मॉड्यूल जळले तर दुसरे मिळते. संगणकातली ६५२६ चिप गेली तर तिचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. कनेक्टरवर ‘वरची बाजू’ असे ठळक लिहिणे हा या कामातला सर्वांत स्वस्त विमा.

वीजही वेगळी घ्यावी. युझर पोर्ट ५ व्होल्टवर जेमतेम १०० मिलिअँपिअर देतो. ईएसपी प्रक्षेपण करताना क्षणभर ३०० पर्यंत ओढते. मोबाइलच्या चार्जरवर चालणारा बोर्ड घ्यावा, दोन्हींचे ग्राउंड जोडावे, ५ व्होल्टच्या तारा मात्र जोडू नयेत.

वारज्यात राहणाऱ्याला सुट्या भागांसाठी कर्वे रस्त्याने बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठता येते. घरी आल्यावरची अडचण राउटरची. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कळतो, ५ चा नाही. शिवाय सोसायट्यांच्या दाटीत तोच पट्टा भरलेला असतो. १, ६ किंवा ११ पैकी मोकळा चॅनेल निवडावा. भारतात या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही.

१२०० बॉडला सेकंदाला १२० अक्षरे येतात, म्हणजे हजार अक्षरांचा पडदा भरायला आठेक सेकंद. अजून चालू असलेले बुलेटिन बोर्ड वाचायला ते पुरते. या टेलनेट जोडणीत सगळा मजकूर उघडा जातो, त्यामुळे इतरत्र वापरलेला पासवर्ड तिथे टाकू नये. वायफायचा पासवर्डही मॉड्यूलमध्ये साठतो. राउटरवर ‘गेस्ट’ नेटवर्क असेल तर तेच द्यावे.