रंध्याच्या तोंडावरचे ठिगळ

जुना लाकडी रंधा घरातून निघाला की सहसा त्याचे दोन भाग होतात. पाते भंगारवाल्याच्या काट्यावर चढते आणि लाकडी अंग चुलीत जाते. त्याच जातीच्या परदेशी हत्याराचे नशीब मात्र वेगळे. अमेरिकेतल्या स्टॅनली कंपनीने 1869 मध्ये लिओनार्ड बेलीचा धंदा पेटंटांसह घेतला आणि लोखंडी रंधे क्रमांक देऊन बाजारात आणले. त्यातला एक नंबरचा रंधा जेमतेम साडेपाच इंचांचा, म्हणून कामाला बेताचाच. तो खपला थोडा, आणि नेमका म्हणूनच संग्राहक आज त्याला नेहमीच्या पाच नंबरच्या कितीतरी पट पैसे मोजतात. पाच नंबरच्या रंध्यावर 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902 आणि 19 एप्रिल 1910 अशा पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या दिसल्या, की तो साधारण 1910 ते 1918 मधला, असे जाणकार सांगतात. या किमतीचा आधार कारखान्याची शिस्त आहे. हजारो नग एकसारखे निघाले, म्हणून वेगळा नग ओळखता येतो आणि दुर्मिळ ठरतो.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा किंवा वऱ्हाडातले तसलेच कोणतेही शेतीचे गाव घेतले, तर ही फूटपट्टी तिथे चालत नाही. गावातला रंधा सुताराने स्वतःच्या हाताच्या मापाने घडवलेला. त्यावर ना नंबर, ना छाप, ना तारीख. प्रत्येक नग एकमेव असेल तर दुर्मिळता या शब्दाला अर्थच उरत नाही. शिवाय गावगाड्यात हत्याराला वेगळा भाव नव्हता. बलुतेदारांत सुतार थोरल्या कासेतला, म्हणजे पहिल्या श्रेणीतला. नांगर, वखर, तिफण घडवायची, मोडली की सांधायची, आणि सुगीला औतामागे धान्य घ्यायचे. मोबदला वर्षभराच्या सेवेचा होता, नगाचा नव्हता. पण या औजारांचा बराचसा घाट वाकसाने तासून निघे. रंधा, ज्याचे नावही फारसीतून आलेले आहे, खरा लागे तो दाराच्या फळ्यांना, चौकटीला, पेटीला, पलंगाला. असले काम बलुत्यात धरले जात नसे, त्याची मजुरी वेगळी ठरे. ढोबळ मानाने वाकस बलुत्याचा आणि रंधा मजुरीचा. म्हणून तळ झिजलेला रंधा आपल्याला अशा कामाची खूण देतो, जे बलुत्याच्या हिशेबात कधी आलेच नाही. माझ्या मते त्याचे मोल या साक्षीत आहे.

ही साक्ष वाचता येते. लाकडी रंध्यात पाते तिरपे बसते आणि पाचरीने आवळले जाते. वापराने तळ झिजतो, सुतार तो पुन्हा सरळ करून घेतो, आणि आतली पोकळी खाली निमुळती असल्याने दर वेळी तोंड थोडे रुंदावते. तोंड रुंद झाले की उलट्या रेषेवर लाकूड उचकटते. त्यावर उपाय म्हणून तोंडापुढे टणक लाकडाचा तुकडा बसवतात. असे ठिगळ दिसले की समजावे, हा रंधा एकदा म्हातारा होऊन पुन्हा कामाला लागला. मागच्या टोकावर हातोडीचे वळ असतात, कारण पाते सैल करायला तिथेच ठोके पडतात. जुन्या पात्याच्या लोखंडावर पोलादाची पट्टी सांधलेली असते. धार लावून ती संपत आली असेल, तर रंध्याने आपले आयुष्य पुरे वापरले. संग्राहकाच्या यादीत या खुणा दोष ठरतात. इथे त्याच नोंदी आहेत, आणि चकचकीत करण्यासाठी तळ घासला की त्या पुसल्या जातात.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक झिजका रंधा अमोल का? नाही. कोणत्या घरातून आला, कोणत्या कामाला वापरला, सोबतची हत्यारे कोणती, हे जिथे सांगता येते तिथे मोल वाढते. माहिती तुटली की उरते ते शोभेचे लाकूड. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: बलुतेदारी जातीला बांधलेली होती, तिच्या हत्याराचे कौतुक म्हणजे त्या बंधनाचेच कौतुक. पण रंधा बलुत्याबाहेरच्या कामाचा पुरावा असेल, तर तो जपल्याने बंधनाचा गौरव होत नाही. त्या बंधनातही माणसाने वेगळी मजुरी कुठे मिळवली, हे त्यातून दिसते. तिसरा आक्षेप बाजाराचा: घेणारा नसेल तर मोल कसले? स्टॅनलीच्या रंध्यांनाही अभ्यासकांनी आधी खुणा लावून प्रकार पाडून दिले, तेव्हा कुठे कोणता नग वेगळा हे घेणाऱ्याला कळू लागले. वऱ्हाडी रंध्याची तशी यादी करायची झाली, तर तिचा पहिला रकाना वर्षाचा नसेल, तोंडावरच्या ठिगळाचा असेल.