लाकडावरील शिसपेन्सिलीची रेघ

शिसपेन्सिलींत शिसें नसतें हें आतां शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु हें चुकीचें नांव एकेकाळीं विद्वानांनींही खरें मानलें होतें. इंग्लंडांत कंबरलंड परगण्यांतील बॉरोडेल येथें सोळाव्या शतकांत जें काळें, मऊ खनिज सांपडलें, तें शिशाचाच प्रकार समजलें गेलें. कॉनराड गेस्नर या स्विस पंडितानें १५६५ सालीं लाकडी मुठींत बसविलेल्या अशा लेखणीचें सचित्र वर्णन छापलें. पुढें दोनशें वर्षांनीं, १७७९ सालीं, शेल या स्वीडिश रसायनज्ञानें तें खनिज म्हणजे कार्बनाचें एक रूप असल्याचें दाखविलें. आणि १७८९ सालीं त्यास ग्रॅफाइट हें नांव मिळालें.

सुताराशीं याचा संबंध असा कीं, कार्बन पाण्यांत विरघळत नाहीं, स्पिरिटांत नाहीं, आणि उन्हानें विटतही नाहीं. तेव्हां लाकडावरील रेघ शाईच्या डागाप्रमाणें धुतली जाणें नाहीं. तिचे कण उचलावे तरी लागतात, नाहींतर ते ज्यावर बसले तें लाकूडच तासावें लागतें.

कण उचलण्याची युक्ति प्रथम कागदावर साधली. पूर्वीं त्यासाठीं पावाचा गर चोळीत. १७७० सालीं जोसेफ प्रीस्टलीनें आपल्या पुस्तकांत लिहून ठेवलें कीं, लंडनचे उपकरणकार एडवर्ड नेर्न यांच्याकडील रबर हें काम उत्तम करतें. अर्ध्या इंचाच्या तुकड्यास तीन शिलिंग पडत, व तो कित्येक वर्षें टिकतो असें नेर्न सांगत. अर्थात् हें विकणाऱ्याचें म्हणणें!

पण लाकूड म्हणजे कागद नव्हे. सागवान किंवा ओक यांचीं छिद्रें उघडीं असतात. त्यांवर रबर जोरानें चोळलें तर वरचे कण निघतात, पण उरलेले छिद्रांत दाबले जाऊन रेघेच्या जागीं करडा पट्टा पसरतो. जुन्या कारागिरांनीं म्हणूनच रंध्यावर भरंवसा ठेवला. एक पातळ साल काढली कीं तिच्याबरोबर रेघही गेली. जेथें वरचा थरच कागदाइतका पातळ असे, तेथें स्पिरिटाचा बोळा हलक्या हातानें फिरवावा. त्यानें विरघळत कांहींच नाहीं, पण कण फडक्यास लागून येतात. हें सर्व लाखेच्या पॉलिशापूर्वींच केलें पाहिजे. पहिला हात बसल्यावर रेघ कांचेखालीं ठेवल्यासारखी कायम होते.

आपल्याकडे सुतार हा शब्दच सूत्रधारापासून आला. गेरूंत भिजविलेलें सूत ओंडक्यावर ताणून झटकलें कीं रेघ उमटे. ती करवतीच्याच वाटेवर असल्यानें पुसण्याचा प्रश्न बहुधा उरत नसे.

दर्शनी बाजूबद्दल आमचा वाद नाहीं. वाद आहे तो आंतल्या बाजूबद्दल. आमच्या एका जुन्या टेबलाचा खण उलटा केला असतां तळाशीं मापांची रांग व एक खोडलेली बेरीज आढळली. पॉलिशवाला तीही घासून काढणार होता. आम्हीं त्याचा हात धरला. त्या कारागिराचें नांव कोणास माहीत नाहीं. तो कसा मोजी व कोठें चुके, एवढेंच त्या आकड्यांवरून कळतें. आज उपलब्ध असलेल्या पेन्सिलींत जी सर्वांत जुनी समजतात, ती देखील सुताराचीच. जर्मनींतील सतराव्या शतकांतल्या एका घराच्या छपरांत ती तशीच राहून गेली होती.