कळव्याला पोहोचणारे आकडे

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कळव्याच्या राज्य भारप्रेषण केंद्रातून महाराष्ट्राच्या वीजजाळ्यावर चोवीस तास नजर असते. वाहिनीवरचा भार, दाब, वारंवारिता, कोणता ब्रेकर चालू आणि कोणता बंद, ही खबर राज्यभरातली वीजकेंद्रे आणि उपकेंद्रे तिथे कळवत राहतात. खबर किती आणि ती नेणारी वाट किती रुंद, हा हिशेब या कामात प्रत्येक पिढीला नव्याने मांडावा लागला.

सुरुवातीला तो मांडण्याची गरजच नव्हती. ठाकुर्लीचे चोळा वीजगृह १९२९ मध्ये रेल्वेने स्वतःच्या गाड्यांसाठी उभारले. त्यावर लक्ष ठेवायला पॅनेलसमोरची माणसे पुरत. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची वीज आली, पुढे चंद्रपूरचे संच सुरू झाले. वीज तयार होते एका टोकाला आणि जळते ठाणे-कल्याणच्या कारखान्यांत, अशी स्थिती आली आणि सगळे चित्र एका जागी दिसणे भाग पडले.

पहिले साधन टेलिफोन. दर तासाला ऑपरेटर मीटर वाचून लॉगशीट भरी आणि ठरावीक आकडे फोनवर सांगे. फोनसाठी वेगळी तार टाकण्याऐवजी उच्चदाबाच्या वाहिनीचाच उपयोग केला गेला. ५० हर्ट्‌झच्या विजेवर काही शे किलोहर्ट्‌झपर्यंतची लहर चढवायची आणि दोन्ही टोकांना ‘वेव्ह ट्रॅप’ बसवून ती उपकेंद्रात शिरण्यापासून अडवायची. कळवा किंवा पडघ्याच्या उपकेंद्राबाहेर वाहिनीला लटकणारी मोठी पिंपासारखी गुंडाळी दिसते, तोच हा ट्रॅप. या पद्धतीला पीएलसीसी म्हणतात.

पीएलसीसीची एक वाट साधारण ४ किलोहर्ट्‌झ रुंद. त्यातला खालचा मोठा भाग बोलण्यासाठी, आणि वर उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत यंत्राचे आकडे. उपकेंद्रातले आरटीयू हे यंत्र तिथून सेकंदाला २०० ते १२०० बिट पाठवू शके. ही चणचण किती होती ते एका उदाहरणाने कळेल. समजा उपकेंद्रात १०० मोजमापे आहेत. प्रत्येकाचा पत्ता ३ बाइट, किंमत ४, दर्जाची खूण १, म्हणजे एकूण ८ बाइट. प्रत्येक बाइटला सुरुवातीचा, तपासणीचा आणि शेवटचा बिट जोडला की ११ बिट होतात. एका फेरीला ८,८०० बिट झाले. ६०० बिटांच्या वाटेवर त्याला जवळजवळ १५ सेकंद लागतात. नियंत्रकाला मात्र नवे चित्र १० सेकंदांत हवे. हिशेब बसत नाही.

मग उपाय निघाला तो कमी बोलण्याचा. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे सरकला तरच पाठवायचा; या मर्यादेला ‘डेडबँड’ म्हणतात. १०० पैकी २० आकडे बदलले तर काम तीन सेकंदांत उरकते. यात एक खोट आहे. शांत असलेला मीटर खरोखर स्थिर आहे की वाटच तुटली आहे, हे कळव्याला कळत नाही. म्हणून ठरावीक अंतराने सगळ्या आकड्यांची पुन्हा विचारणा होते. हिशेबात ती धरायची राहिली, तर अंदाज कागदावरच राहतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे सरासरीवर विसंबणे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे ४०० केव्ही वाहिन्यांशी संबंधित बिघाडानंतर मुंबई आणि ठाण्याच्या मोठ्या भागातली वीज गेली, लोकल थांबल्या. अशा वेळी उपकेंद्रांतले ब्रेकर एकापाठोपाठ एक उघडतात, दाब कोसळतो, आणि सगळी यंत्रे एकाच वेळी बोलू लागतात. प्रत्येक घटनेवर मिलिसेकंदापर्यंतची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे संदेशही लांबतो. वाटेची रुंदी रोजच्या शांत दुपारवरून ठरवली, तर ती नेमकी नडीच्या वेळी अपुरी पडते. खरे माप त्या एका मिनिटाचे.

दरम्यान कामाची लयच बदलली होती. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित वीजदर लागू झाला आणि दिवसाचे ९६ तुकडे पडले. तासाची लॉगशीट मागे पडून पंधरा मिनिटांचा हिशेब आला. मनोऱ्यांवरच्या भूतारेतच ऑप्टिकल फायबर घालण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा जुनी चणचण संपली.

वाट रुंदावली की बोलणेही वाढते. पीएमयू हे नवे यंत्र दाब आणि प्रवाहाची कला उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून सेकंदाला २५ वेळा कळवते. समजा एक संदेश १०० बाइटचा आणि त्यावर जाळ्याच्या मथळ्यांचे २८ बाइट. तर एका यंत्राला सेकंदाला २५,६०० बिट लागतात. फायबरवर ही रहदारी किरकोळ आहे. जुन्या ६०० बिटांच्या वाटेवर तेवढ्यासाठी ४३ वाटा लागल्या असत्या.