विजय हजारेंचा संघ कोणता?

रमजानच्या आधीची गोष्ट. मगरिबनंतर मोहल्ल्यातली चार-पाच मुलं घरी आली. हातात वही, वहीत अकरा संघांची नावं. "सर, टुर्नामेंट ठेवलीय. भाग्यपत्रिका तुम्ही करून द्या, म्हणजे नंतर भांडण नको."

मी उर्दू आणि मराठीचा शिक्षक. पण ज्या शाळेत क्रीडाशिक्षक नसतो, तिथे पी.टी.चा तास ज्याच्या गळ्यात पडतो त्यालाच सामन्यांचे तक्तेही करावे लागतात. त्यामुळे हे काम मला सवयीचं झालंय. मी कागद काढला आणि सहज विचारलं, "संघ कुठले कुठले?" एकजण म्हणाला, "सर, सब अपनेच बच्चे हैं. बाहेरचं कुणी नाही."

'अपनेच' हा शब्द ऐकून माझा पेन थांबला. का थांबला, ते सांगण्यासाठी आधी भाग्यपत्रिका म्हणजे काय ते सांगावं लागेल.

बाद पद्धतीत हिशेब सोपा असतो. अकरा संघ असतील तर दहा सामने. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरायचा असतो. पण तक्ता दोन, चार, आठ, सोळा अशाच घरांचा बसतो. अकरा संघांना सोळा घरं लागतात, म्हणून पाच संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल मिळते. कुणाला मिळणार, ते चिठ्ठी ठरवते. चिठ्ठी उचलायला आपण लहान मूल बोलावतो, कारण त्याच्या मनात कपट नसतं.

पण कपट नसलं म्हणजे न्याय झाला, असं नाही. सगळ्यात चांगले दोन संघ चिठ्ठीने पहिल्याच फेरीत समोरासमोर आले, तर त्यातला एक लगेच घरी जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दर्जाचा संघ उपविजेता म्हणून ढाल घेऊन जातो. 'ॲलिस'ची गोष्ट लिहिणारा लुईस कॅरोल मुळात गणिताचा प्राध्यापक. त्याने 1883 मध्ये टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका लिहून हाच अन्याय मांडला. 32 खेळाडूंच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाचा खरा खेळाडू अंतिम सामन्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता 31 पैकी फक्त 16, म्हणजे जेमतेम निम्मी. त्यावर पुढे मानांकनाचा उपाय आला. आधीच्या कामगिरीवरून क्रम लावायचा आणि वरच्या खेळाडूंना तक्त्यात लांब लांब ठेवायचं. विम्बल्डनमध्ये 1927 पासून गुणवत्तेनुसार मानांकन सुरू झालं.

मानांकनाचा सगळ्यात मोठा बाजार भरतो तो अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेत. 1939 मध्ये ती आठ संघांवर सुरू झाली, आज 68 संघ असतात. चार विभाग आणि प्रत्येक विभागात एक ते सोळा असं मानांकन. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. लहान कॉलेजचा संघ कितीही जिद्दीचा असो, त्याच्या वाट्याला सुरुवातीलाच डोंगर येतो. पुरुषांच्या स्पर्धेत सोळावं मानांकन असलेल्या संघाने पहिल्याला हरवलं ते थेट 2018 मध्ये.

याच स्पर्धेत 1963 साली वेगळंच घडलं. मिसिसिपी राज्यातल्या गोऱ्यांच्या कॉलेज संघांनी काळे खेळाडू असलेल्या संघांशी खेळायचं नाही, असा तिथे अलिखित नियम होता. त्यापायी मिसिसिपी स्टेटच्या संघाने आधी अनेकदा पात्र ठरूनही या स्पर्धेला जाणं टाळलं होतं. त्या वर्षी तक्त्यात त्यांच्यासमोर शिकागोचा लोयोला संघ आला, ज्याच्या पहिल्या पाचांपैकी चार खेळाडू काळे होते. संघाला रोखण्यासाठी कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. तो बजावला जाण्याआधीच प्रशिक्षक आणि खेळाडू राज्याबाहेर निसटले. मिसिसिपीची मुलं 51-61 अशी हरली, पण खेळली. पुढे लोयोला विजेता ठरला.

म्हणजे तक्त्यात कोण कुणासमोर येणार, हा प्रश्न दुसरा. तक्त्यात कुणाला घर मिळणार आणि ते कुठल्या नावाने मिळणार, हा पहिला. त्या वेळी चिठ्ठ्यांचा डबा उघडलेलाही नसतो.

आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा दाखला मुंबईचा. तिथे पारशी आणि युरोपियन यांच्यात क्रिकेटचे सामने होत असत. 1907 मध्ये हिंदू संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. 1912 मध्ये मुस्लिम संघ आला, चौरंगी झाली. पुढची पंचवीस वर्षं देशातल्या क्रिकेटचा सगळ्यात मोठा सोहळा हाच होता. चार संघ, दोन उपांत्य सामने, एक अंतिम. चार संघांच्या जोड्या फक्त तीन प्रकारे लागतात. म्हणजे नुसती चिठ्ठी टाकली तर सगळ्यात तगड्या दोन संघांची गाठ पहिल्याच सामन्यात पडण्याची शक्यता तिनात एक. पण त्या चिठ्ठीवरची नावं काय होती? गावांची नाही, क्लबांची नाही. धर्म आणि वंशाची.

इथे घाईने निकाल द्यायला नको. या स्पर्धेने आपल्या लोकांना काय दिलं, तेही पाहिलं पाहिजे. मुस्लिम संघाने 1924, 1934 आणि 1935 मध्ये चौरंगी जिंकली. ज्या समाजाकडे मुंबईत मोठे जिमखाने आणि मोठे आश्रयदाते मोजकेच होते, त्याला या स्पर्धेने हजारो प्रेक्षकांसमोर उभं केलं. हिंदू संघातही पालवणकर बंधूंच्या निमित्ताने जातीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि 1923 मध्ये दलित असलेले विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले. चौकटीच्या आतही झगडा होता आणि चौकटीमुळे काहींना जागाही मिळाली. मोहल्ल्यातल्या मुलांना 'अपनेच' संघ का हवासा वाटतो, ते मला कळतं. जिथे आपल्याला शेवटी निवडतात, तिथे आपलंच मैदान बरं वाटतं.

पण ज्याला चौकटच नाही, त्याचं काय?

आमच्या लोणंद स्टेशनवरून मिरजेकडे जाणारी गाडी सांगलीला थांबते. त्या सांगलीत 1915 मध्ये एका शिक्षकाच्या घरी विजय हजारे जन्मले. मराठी ख्रिस्ती कुटुंब. 1934 च्या सुमारास ते मोठ्या क्रिकेटमध्ये आले तेव्हा देशातल्या सगळ्यात गाजलेल्या स्पर्धेत चार संघ होते, आणि त्यातला एकही हजारेंचा नव्हता. ते हिंदू नव्हते, मुस्लिम नव्हते, पारशी नव्हते, युरोपियनही नव्हते. चिठ्ठी कितीही प्रामाणिकपणे उचलली तरी त्यांचं नाव निघणार नव्हतं, कारण ते डब्यात टाकलंच नव्हतं.

1937 मध्ये पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. या संघात भारतीय ख्रिस्ती, अँग्लो इंडियन, ज्यू, बौद्ध असे सगळे. संघाचं नाव 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. एका माणसाची ओळख 'उरलेला' अशी लिहिली जाते तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे मला वर्गात हजेरी घेताना कधी कधी आठवतं. त्याच वर्षी नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या जागांच्या वाटपावरून वाद झाला आणि हिंदू संघ स्पर्धेत उतरलाच नाही. पाचवं घर भरलं तेव्हा दुसरं एक रिकामं झालं. पाच संघ झाले की तक्ताही बिघडतो: तीन संघांना दोन सामन्यांत करंडक, उरलेल्या दोघांना तीन सामने जिंकावे लागतात.

1943-44 चा अंतिम सामना हिंदू विरुद्ध 'द रेस्ट'. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. 'द रेस्ट' पहिल्या डावात 133 वर गारद. दुसऱ्या डावात संघाच्या 387 धावा झाल्या आणि त्यातल्या 309 एकट्या हजारेंच्या. पाच धावांतल्या चार. सहाव्या जोडीसाठी त्यांनी भाऊ विवेकबरोबर 300 धावा जोडल्या, त्यात विवेकच्या 21. तरी संघ एक डाव आणि 61 धावांनी हरला. क्रिकेटवाले हा डाव विक्रम म्हणून सांगतात. मला त्यात एकटेपणा दिसतो.

पुढच्याच मोसमात, 1944-45 मध्ये, मुस्लिम संघाने हिंदूंना अंतिम सामन्यात एका गड्याने हरवलं. मुंबईचे के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले. हे इब्राहिम आणि समोरच्या संघातले मर्चंट रणजी करंडकात एकाच मुंबई संघाकडून खेळत. म्हणजे एका स्पर्धेत सोबती आणि दुसरीत प्रतिस्पर्धी. माणसं तीच, घरांवरच्या पाट्या बदललेल्या. गांधीजींनी 1940 मध्येच या जातीय सामन्यांना विरोध नोंदवला होता. 1945-46 नंतर स्पर्धा कायमची बंद झाली.

रणजी करंडक 1934 पासून सुरू झाला होता. तिथे संघ प्रांत आणि संस्थानांचे. तिथल्या तक्त्यातही विभागांमुळे कुरबुरी होत्याच. पण डब्यात नाव टाकताना धर्म विचारला जात नव्हता. 1939-40 मध्ये हजारेंनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. नंतर ते बडोद्याकडे गेले.

मार्च 1947. बडोद्यात रणजीचा अंतिम सामना, समोर होळकर संघ. बडोद्याचे तीन गडी 91 धावांत बाद झाले होते. तेव्हा मैदानात होते विजय हजारे आणि गुल महंमद. हजारे सांगलीचे, गुल महंमद लाहोरचे. पंचरंगीत एक 'उरलेल्यां'चा, दुसरा मुस्लिम संघाचा. त्या तक्त्यात ते एका बाजूने कधीच खेळू शकले नसते. इथे त्यांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावा जोडल्या, हजारे 288, गुल महंमद 319. जगातला हा विक्रम 2006 पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

पाच महिन्यांनी देश स्वतंत्र झाला आणि फाळणी झाली. गुल महंमद भारताकडून आठ कसोटी खेळले, नंतर पाकिस्तानात गेले आणि 1956 मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. हजारेंच्या नेतृत्वाखाली भारताने 1952 मध्ये मद्रासला पहिली कसोटी जिंकली. आज त्यांच्या नावाचा करंडक खेळला जातो आणि त्यात संघ राज्यांचे असतात.

हे सगळं मी त्या संध्याकाळी मुलांना सांगितलं. एवढं सविस्तर नाही, मुलांना घाई होती. एकाने लगेच विचारलं, "पण सर, त्यांच्या टीममध्ये आपल्याला घेतात का?" प्रश्न खरा होता. मी उत्तर टाळलं नाही. म्हटलं, काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत. पण आपल्या वहीत काय लिहायचं, ते तर आपल्या हातात आहे.

मग मी भाग्यपत्रिका करून दिली, एका अटीवर. संघ गल्लीच्या नावाने. त्या गल्लीत जो राहतो, तो त्या संघाचा. मुलांनी आपापसात थोडी कुजबूज केली आणि वहीतली नावं खोडून पुन्हा लिहिली. दोन संघांत नवी नावं आली: एक मागच्या गल्लीतल्या सुताराचा मुलगा, दुसरा चर्चजवळ राहणारा वेगवान गोलंदाज. तो आला म्हणून समोरच्या संघाने तक्रारही केली, "सर, तो फार फास्ट टाकतो."

चिठ्ठ्या माझ्या धाकट्या मुलीने उचलल्या.