पारध गेली, रानाचे काय?

'शिकाऱ्याचा हक्क' हे शब्द आज सुशिक्षित मराठी वाचकाच्या कानाला खटकतात. शिकारी म्हणजे निसर्गाचा वैरी, हे आपण शाळेपासून गृहीत धरून चाललो आहोत. पण वऱ्हाडचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहू लागलो, की या एका नावाखाली दोन अगदी निरनिराळी माणसे दिसू लागतात. एकाच्या हाती बंदूक आहे, दुसऱ्याच्या हाती फास. कायद्याने दोघांनाही अखेर बंदी केली, हे खरे. मात्र बंदीनंतर दोघांनी जे गमावले ते सारखे नव्हते, आणि आम्हांला बोलायचे आहे ते या फरकाविषयी.

निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पाठोपाठ जमिनीची मोजणी आली, प्रतवारी आली. गावच्या गायरानाला अकोला-अमरावतीकडे आजही 'ई-क्लास' म्हणतात, तो त्याच महसुली व्यवस्थेचा अवशेष. माळ, पडीत, नाल्याचा काठ, तळ्याची गाळपेर ही सारी जमीन दप्तरात सरकारची ठरली. तिच्यावर ज्यांचे पोट चाले, त्यांच्यासाठी त्या दप्तरात रकाना नव्हता.

फासेपारधी हा त्यांपैकीच एक. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात पारध्यांचे तपशीलवार वर्णन आहे. फासा लावणारा म्हणून फासेपारधी. वऱ्हाडातला टाकणकर हाही याच कुळातला. गवतात ओळीने फास मांडायचे, शिकवलेल्या गाईबैलाच्या आडोशाने पुढे सरकायचे आणि तित्तर-लाव्यांना हळूहळू फासांकडे वळवायचे, अशी ती पारध. तीत आवाज नाही, दारूगोळा नाही. पाखरू बहुधा जिवंत हाती येते. ठेवायचे की सोडायचे, हे पारध्याला ठरवता येते. बंदुकीला ही सवलत नाही.

बंदूकवाल्याचे जग वेगळे. अकोला, अमरावती, एलिचपूर येथील साहेबांना हिवाळ्यात तळ्यावर उतरणारी बदके ही करमणूक होती. १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे बंदूक परवानेवाल्याच्या हाती राहिली. १९१२ च्या कायद्याने वन्य पशुपक्ष्यांसाठी बंद हंगामाची तरतूद केली. हंगाम पाळणे शौकिनाला जड नसते. उरलेले महिने तो कचेरीत काढतो. ज्याची चूल पारधीवर पेटते, त्याला बंद हंगाम म्हणजे उपास. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ आणि १९२४ साली अधिक विस्तारला, आणि पारध्यांच्या अनेक शाखा त्याच्या जाळ्यात आल्या. यादीत नाव आले की हजेरी आली, आणि परवानगीवाचून गाव सोडणे हाच गुन्हा झाला. पाखरांच्या मागे माळ तुडवणाऱ्याला याहून मोठी शिक्षा कोणती?

या दुटप्पीपणाचे माप घ्यायचे तर वऱ्हाडाबाहेर भरतपूरकडे पाहावे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ तेथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाणपक्षी पडले. ही संख्या तेथे दगडावर कोरून ठेवली आहे. दोन तित्तर बाजारात नेणाऱ्याचे नाव पोलीसपाटलाच्या वहीत, आणि चार हजारांचा आकडा शिलालेखात!

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगारीचा शिक्का कायद्याने पुसला गेला. वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७२ च्या त्या मूळ कायद्यात शिकार सरसकट बंद नव्हती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा, सापळ्याचा असे निरनिराळे परवाने त्यात होते. अर्ज लिहिणे, फी भरणे, कचेरीत खेटे घालणे ज्याला जमेल, त्याच्यासाठी दार किलकिले होते. पारधी बेड्यावरच्या माणसाला ते किती उघडे होते, हे सांगायला नको. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने संपले. बंदूकवाल्याचा छंद बुडाला. फासेपारध्याचा धंदा बुडाला, आणि त्याचबरोबर रानात पाऊल टाकण्याचे कारणही. माळावर दिसलेला पारधी चोरटा शिकारीच असणार, हा संशय मात्र शिल्लक राहिला.

अमेरिकेत हा इतिहास उलट्या दिशेने गेला. १९३४ पासून तेथे बदकांच्या शिकाऱ्याला सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या जातात. १९९७ च्या कायद्याने तर राष्ट्रीय अभयारण्यांत शिकारीला मान्य लोकोपयोगांत स्थान दिले. आम्ही पैसे भरले, तेव्हा तळ्यावर येण्याचा आमचा हक्क राखा, असे तेथील शिकारी संघटना ठणकावून सांगतात.

तीच वाट येथे धरावी असे आम्ही म्हणत नाही. माळढोक वऱ्हाडातून दिसेनासा होत आला, तणमोर मोजका उरला; अशा वेळी फास पुन्हा मांडण्याची मागणी कोणी शहाणा करणार नाही. पण पाखरू मारण्याचा हक्क आणि पाखराच्या रानात वावरण्याचा, त्याविषयी बोलण्याचा हक्क या दोन गोष्टी आहेत. आपल्या कायद्याने पहिला काढून घेताना दुसराही नकळत बुडवला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या दोहोंत प्रथमच रेघ ओढली. परंपरागत हक्क मान्य करताना शिकार आणि सापळे त्याने स्पष्टपणे वगळले. मात्र चराई, जलाशयातील मासे व इतर उत्पन्न, आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन हे हक्क दिले. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, तेव्हा हे दार त्यांच्यासाठीही आहे. कारंजा येथील 'संवेदना' ही संस्था अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ रान आणि तणमोर राखण्याचे काम करीत आली आहे. पाखरू कोठे बसते हे ज्याला ठाऊक, तोच त्याचा राखणदार होऊ शकतो. सालीम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घातली, तेव्हा पक्षी पकडून देणारे हात बिहारच्या मीरशिकारांचेच होते.

अडचणी उरतातच. वनहक्क कायदा वनजमिनीला लागू होतो. ई-क्लास माळ बहुतांशी त्याबाहेर राहतो. तळ्यांची तऱ्हा तीच. २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले, आणि वऱ्हाडात हिवाळी बदके उतरतात ती बहुधा अशाच तलावांवर. म्हणजे पाखरू रक्षित आणि त्याचे पाणी अरक्षित.

हक्काचा दावा करायचा तर पुरावा लागतो. वनहक्काच्या नियमांनी त्यासाठी वडीलधाऱ्यांचा जबाब ग्राह्य धरला आहे, तसेच जुनी गॅझेटिअरे आणि सरकारी दप्तरेही. हे पारधी कोणत्या माळावर फिरत, कोठे पाल टाकत, याची नोंद ज्या सरकारने त्यांना जखडण्यासाठी केली, त्याच्याच कागदांतून त्यांच्या नातवंडांना आज रानावरचा हक्क शाबीत करता येईल. ती दप्तरे ग्रामसभेच्या मदतीला काढून देणे, हे इतिहासाच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि त्यात आणखी उशीर करणे बरे नव्हे.