फुटक्या बशीचं घर

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द ऐकले नाहीत असा शाळेत गेलेला मराठी माणूस सापडणं कठीण. नारळाच्या करवंटीचं कासव, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, वार्षिक स्नेहसंमेलनातलं प्रदर्शन आणि मग सगळं माळ्यावर. या शब्दांमुळे एक गैरसमज मात्र पक्का झाला. तुटक्याफुटक्या वस्तूंतून घर सजवणं हा फावल्या वेळचा छंद आहे, असं आपण धरून चाललो. फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांची हकीकत पाहिली तर ती तशी नाही.

आपल्या घरांत तर फुटकं भांडं ठेवायचं नाही, असा दंडकच. कप फुटला की उरलेली बशी काही दिवस झाकणीचं काम करते, आणि एक दिवस तीही जाते. बोहारीण जुने कपडे घेऊन स्टीलचं पातेलं देईल, पण कान तुटलेल्या कपाकडे ती ढुंकूनही बघायची नाही. पितळेला मोड आहे, तांब्याला मोड आहे, चिनी मातीला नाही. फुटली की तिची किंमत शून्य.

पण ही बशी एकेकाळी भिंतीत चढली ती श्रीमंती दाखवायला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या केनिया-टांझानियात, जुन्या स्वाहिली व्यापारी गावांचे अवशेष आहेत. मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या ज्या व्यापारानं आपला पश्चिम किनारा जोडलेला होता, तोच हा व्यापार. तिथल्या थोरामोठ्यांच्या थडग्यांवर उभारलेल्या खांबांत चिनी वाडगे आणि बश्या चुन्यात बसवलेल्या दिसतात. कित्येक ठिकाणी आज फक्त गोल खळगे उरलेत, वाडगे कुणी तरी काढून नेले. चीनहून समुद्रापार आलेला वाडगा भिंतीत कायमचा बसवून टाकणं ही चैन होती.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या कारखान्यांनी भांडी मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. हातानं नक्षी रंगवण्याऐवजी ती छापून उठवण्याची युक्ती निघाली, आणि निळ्या नक्षीची बशी सामान्य माणसाच्या ताटापर्यंत पोहोचली. स्वस्त झाली तशी ती फुटूही लागली, आणि फुटलेली उकिरड्यावर जाऊ लागली.

त्या उकिरड्याकडे मान वळवणाऱ्यांत बार्सिलोनाचा आंतोनी गाउदी होता. १९०० ते १९१४ या काळात त्यानं ग्वेल या धनिक उद्योगपतीसाठी एक वसाहत उभारायला घेतली. साठेक भूखंडांची योजना होती, घरं झाली अवघी दोन. ती वसाहत आज पार्क ग्वेल या नावानं जग बघायला जातं. तिथल्या नागमोडी बाकावर फरशांचे तुकडे आहेत, आणि खांबांच्या दालनाच्या छतात गाउदीचा सहकारी जुजोल यानं फुटक्या बश्या आणि बाटल्यांचे बूडही बसवले. यामागे निव्वळ हौस नव्हती. सपाट फरशी गोलाईवर बसत नाही, तुकडे मात्र कुठल्याही वळणावर बसतात.

आपल्या गच्चीवरच्या ‘चायना मोझॅक’चं इंगितही तेच. विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला दिलेला उतार, वर पांढऱ्या चकाकत्या फरशीचे तुकडे. पांढरा रंग ऊन परतवतो, उतारावरून पाणी वाहून जातं. मी पाहिलेल्या एका जुन्या गच्चीत फरशीच्या तुकड्यांत मध्येच एक बशीची सोनेरी काठाची कड होती. गवंड्याला तुकडा कमी पडला असणार, दुसरं काय! आता मात्र तुकड्यांसाठी कोऱ्या फरशा हातोड्यानं फोडतात.

पण गाउदीच्या मागे ग्वेलचा पैसा होता. ज्याच्या मागे कुणीच नव्हतं, अशा माणसाची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तो म्हणजे फ्रान्समधल्या शार्त्र गावचा रेमों इझिदोर. जन्म १९०० चा. ओतीव कारखान्यात काम केलं, मग रस्त्यांच्या दुरुस्तीवर, आणि शेवटी गावच्या दफनभूमीत झाडू मारण्याची नोकरी. लग्न केलं ते पदरी तीन मुलं असलेल्या आद्रिएन नावाच्या विधवेशी. १९३० च्या सुमाराला गावाच्या कडेला एक लहानसं घर स्वतःच्या हातांनी बांधलं. ते सजवायला हाती पैसा नव्हता.

शेतांतून फिरताना त्याला काचेचे, चिनी मातीचे तुकडे चमकताना दिसत. काही हेतू मनात न धरता तो ते उचलून आणी. १९३८ साली त्यानं ते घरात सिमेंटमध्ये बसवायला सुरुवात केली. आधी भिंती. मग खुर्च्या, पलंग, चूल. आद्रिएनचं शिवणयंत्रसुद्धा सुटलं नाही. (त्या बाईंनी हे सगळं कसं चालवून घेतलं, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.) आतली जागा संपली तेव्हा तो बाहेर आला. बाहेरच्या भिंती, अंगण, पायवाट, एक छोटं प्रार्थनाघर. तुकड्यांचा ढीग कचरा टाकण्याच्या जागांवरून वाहून आणायचा, रंग निवडायचे आणि नोकरी सांभाळून लावत बसायचं. हे वीस वर्षांहून अधिक चाललं.

शार्त्र म्हणजे काही साधं गाव नव्हे. बाराव्या-तेराव्या शतकातल्या निळ्या काचांच्या खिडक्यांसाठी तिथलं कॅथेड्रल जगप्रसिद्ध आहे. त्या खिडक्यांना राजेरजवाड्यांनी दानं दिली होती. झाडूवाल्या इझिदोरनं तेच कॅथेड्रल आपल्या भिंतीवर लोकांनी फेकलेल्या बश्यांच्या तुकड्यांनी काढलं.

अशा सजावटीला ‘स्वस्तातली’ म्हणण्याची पद्धत आहे. पैशाच्या हिशेबानं ती असेलही. पण विकत घेता येत नाही तिथे माणसाला आयुष्याचे तास मोजावे लागतात, आणि ते इझिदोरनं मोजले.

गावाला त्याचं कौतुक नव्हतं. वेडा म्हणत. फ्रेंचमध्ये फुकट जेवायला येऊन बसणाऱ्या आयतोबाला ‘पिक-आसिएत’ म्हणतात. आसिएत म्हणजे बशी. त्यात पिकासोचं नाव मिसळून लोकांनी त्याला ‘पिकासिएत’ केलं. बश्यांचा पिकासो आणि फुकट्या, दोन्ही एका दमात.

आपल्याकडचे नेकचंद या बाबतीत नशीबवान. फाळणीत गाव सुटलेला हा माणूस चंडीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करी. नवं शहर उभारताना पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा गोळा करून त्यानं सरकारी जंगलात चोरून एक नगरी वसवली. बेकायदा म्हणून ती पाडतील अशी भीती होती. पण १९७६ मध्ये तीच ‘रॉक गार्डन’ म्हणून खुली झाली, १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं नाव जगाला ठाऊक होतं.

इझिदोर १९६४ मध्ये वारला. १९८१ साली ते घर शार्त्रच्या नगरपालिकेनं विकत घेतलं आणि १९८३ मध्ये फ्रान्सच्या सरकारनं त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. त्याचं अधिकृत नाव आहे ‘मेझों पिकासिएत’, पिकासिएतचं घर. शेजाऱ्यांनी टिंगलीत ठेवलेलं तेच नाव.