शब्दवेध : स्टेंट

‘काकांना दोन स्टेंट टाकल्या’ असं आपण सहज म्हणतो. शब्द मात्र आला दाताच्या दवाखान्यातून. चार्ल्स स्टेंट हे लंडनचे दंतवैद्य. कवळीसाठी जबड्याचा ठसा घ्यायला तेव्हा गटापर्चा हा रबरासारखा चीक वापरत. पण तो आक्रसायचा. 1856 च्या सुमारास स्टेंटनी त्यात स्टीअरिन मिसळून नवी लुकण केली. पहिल्या महायुद्धात डच शल्यविशारद योहानेस एसर यांनी तीच लुकण जखमी सैनिकांच्या चेहऱ्यावर कातडीचं कलम दाबून धरायला वापरली. मग आतून आधार देणारं काहीही ‘स्टेंट’ झालं.

अमेरिकन डॉक्टर चार्ल्स डॉटर यांनी 1969 मध्ये कुत्र्यांच्या रक्तवाहिन्यांत बसवली ती तारेची गुंडाळी होती. तेव्हा गावाकडे ‘स्प्रिंग बसवली’ म्हणतात, त्याला हसू नये! माणसाच्या हृदयधमनीत स्टेंट बसली 1986 मध्ये, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये. आजच्या बहुतेक स्टेंट फुग्यावर आवळलेल्या जाळीच्या असतात. फुगा फुगला की जाळी उमलून भिंतीला चिकटते. फुगा परत येतो, जाळी तिथेच राहते. दंतवैद्य स्टेंट 1885 मध्येच वारले होते.